नळवाले भाऊ

तो दिल्लीला निवडून गेला म्हणून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी हे वाचू नये. उगाच माझ्याशी वाद घालायला याल, आणि मी आता वाद घालत नाही, सरळ भांडते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी. 'होल्ड कीजिए, होल्ड कीजिए' म्हणण्यात उभा जन्म गेला, आणि देवाने दिलेली सगळी सहनशक्ती तिथेच खर्च झाली.

पूर्वी मी त्याला 'अहो भाऊ' म्हणायचे. ग्वाल्हेरच्या खासगी बाजाराच्या मागची आमची आख्खी गल्ली म्हणायची. हिंदी शेजारी 'भैयाजी' म्हणत. आता मी अरे-तुरेवर आले आहे. नाव मात्र घेणार नाही. त्याच्या नावाचे इतके फलक शहरात लागलेत की माझ्या तोंडून आणखी एक कशाला?

माझं भांडण राजकारणाशी नाही, पक्षाशी नाही. ते त्याने इतके बदलले की भांडायचं तरी कोणत्याशी! माझं भांडण एका पाइपाशी आहे. तो पाइप आमच्या गल्लीच्या नालीतून जातो, त्यातून आम्हाला प्यायचं पाणी येतं, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने घातलेला आहे. माझ्या घरात एक बाळ यायचं होतं, ते या पाण्यापायी गेलं. आता दुसऱ्यांदा सुनेला दिवस गेलेत, आणि पाइप अजून तिथेच आहे. एवढीच गोष्ट. बाकी सगळं जे सांगणार आहे ते तुम्हाला माणूस कळावा म्हणून.

माणूस म्हणाल तर काठीसारखा. मिशी तेवढी भरघोस, बाकी अंगावर मांस म्हणून नाही. अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात रबरी चपला, आणि एक जुनी स्कूटर. त्या स्कूटरच्या डिकीत काय असायचं सांगू? पाइप-पाना, वायसर, सफेदा आणि दोरा. लोक डिकीत छत्री ठेवतात, हा नळाचं दुकान घेऊन फिरायचा. ठिबकणारा नळ त्याला सहनच व्हायचा नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी अर्धी टाकून उठला होता एकदा. सगळ्यांना वाटलं, मानपान राहिला, रुसला. नवरीचा बाप हात जोडत मागे धावला. हा आपला हात धुवायच्या जागी बसून पान्याने नळ आवळतोय! म्हणाला, "काका, तुमची जिलबी चांगली आहे, पण हा नळ माझं डोकं खाऊन राहिला होता."

आणखी एक सांगते. आमच्या शेजारचे आप्पा गेले तेव्हा हा भेटायला आला. सगळे भिंतीला टेकून गप्प बसलेले. हाही बसला. काही वेळ डोळे मिटून होता, मग हळूच उठला, मोरीत गेला. खटखट आवाज आला, थांबला. बाहेर येऊन ओल्या हातानेच डोळे पुसले आणि ढसाढसा रडला. आप्पांची बायको नंतर मला म्हणाली, "अगं, रडणारे पुष्कळ आले, पण आमचा नळ याच्याखेरीज कोणी नीट केला?" मत तिने मरेपर्यंत त्यालाच दिलं.

तेव्हा तो कोणी नव्हता. आजोबा दरबारच्या पागेत होते, वडील कुठल्याशा कचेरीत, आणि हा नुसता फिरायचा. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. अंधारात हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आरोळी द्यायचा, "पाणी आऽऽलं होऽऽ!" गजर लावायची गरज नसे. कोणाच्या नळाला किती धार, कोणाची टाकी किती वेळात भरते, कोणी चोरून मोटर लावली आहे, सगळं त्याला पाठ. घरात आला की खुर्चीवर बसायचा नाही, उंबऱ्यावर बसायचा. माझ्या सासूबाई ओरडायच्या, "उंबऱ्यावर बसू नये रे, अवदसा येते." तो म्हणायचा, "आई, मी आलोय ना, आता तिला जागाच कुठे?" सासूबाई हसायच्या. आम्ही सगळेच हसायचो. खोटं कशाला बोलू, आवडायचा तो आम्हाला.

त्याची मराठी मात्र ऐकण्यासारखी. तसे आम्ही ग्वाल्हेरचे सगळेच हिंदीच्या शेजारात इतकी वर्षं नांदलो आहोत की आमच्या भाषेला तिकडची चव आलीच. तुम्ही खासदार म्हणता, आम्ही सांसद म्हणतो. पण हा तर हिंदी वाक्य उचलून मराठीचं झबलं घालायचा. 'कोई बात नहीं' म्हणायचं असलं की हा म्हणणार, "काही गोष्ट नाही, वहिनी." आणि 'देख लेंगे' म्हणायचं असलं की, "बघून घेऊ." त्याचं सगळं राजकारण या दोन वाक्यांवर उभं राहिलं. गाऱ्हाणं ऐकलं की, बघून घेऊ. काम झालं नाही की, काही गोष्ट नाही.

माझी सून सांगलीची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात हा उंबऱ्यावर येऊन बसला. मिशीवरून हात फिरवत तिला म्हणाला, "सूनबाई, इथे कोणाला काही बोलू नकोस. मी बघून घेईन." पोरगी पांढरीफटक पडली. तो गेल्यावर मला आत ओढून म्हणते, "आई, मी काय केलं हो? बघून घेईन म्हणाले! आमच्याकडे भांडणाच्या शेवटी म्हणतात असं, बाह्या वर करून!" मी पोट धरून हसले. तिला समजावलं की बाई गं, ही इथली मराठी आहे, काळजी घेईन असं म्हणतोय तो. गल्लीत किती दिवस तोच विषय होता. येता-जाता पोरं एकमेकांना म्हणायची, बघून घेईन!

आता पाइपाची गोष्ट.

एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीचं पाणी पार आटलं. लाइन जुनी, गंजलेली, पुढच्या घरांना करंगळीएवढी धार आणि मागच्यांना नुसती हवा. नवी लाइन मंजूर होऊन पडली होती, पण रस्ता खोदायची परवानगी येत नव्हती. तोवर हा पार्षद झाला होता, म्हणजे तुमचा नगरसेवक. अपक्ष उभा राहिला होता आणि निवडणुकीत खूण मिळाली होती नळ! देवानेच दिली म्हणायची. पण आता दुसरी निवडणूक तोंडावर आली होती आणि नळाच्या गल्लीतच नळाला पाणी नव्हतं.

एक दिवस सकाळी हा पाइप घेऊनच आला. बरोबर दोन मजूर. म्हणाला, "रस्ता खोदायचाच नाही. नाली आहे ना, नालीतून घेऊ." आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला की गटारात! आख्ख्या गल्लीचं जे काय जातं ते त्या नालीतून जातं. हा त्यात वाकून पाइप जोडतोय, मिशीला शेवाळ लागलंय, आणि वर आम्ही बायका तोंडाला पदर लावून उभ्या.

तेवढ्यात पाण्याच्या ऑफिसातला एक इंजिनिअर आला. म्हणाला, "भैयाजी, पीने की लाइन नाली में नहीं डालते. नियम है." हा नालीतूनच मान वर करून म्हणाला, "तू नियम पी ले बेटा, हम पानी पिएँगे." काय हशा पिकला! टाळ्या वाजल्या. तो बिचारा लालबुंद होऊन निघून गेला.

संध्याकाळी पाणी आलं. बादलीत धार अशी पडली की बुडाचा आवाज घुमला. बायका रडल्या अक्षरशः. ज्यांनी डोक्यावरून हंडे वाहिलेत त्यांनाच हे कळेल. मी तबक घेतलं आणि तो तसाच चिखलाने माखलेला असताना त्याला ओवाळलं. म्हणाला, "वहिनी, आजोबांनी घोड्यांना पाणी पाजलं, मी माणसांना पाजतो." हे वाक्य त्याने पुढे शंभर ठिकाणी वापरलं, पण पहिल्यांदा माझ्या दारात.

त्या पाइपावर तो चढत गेला. पार्षदाचा निगममधला, म्हणजे तुमच्या महापालिकेतला, मोठा माणूस झाला, अपक्षाचा पक्षवाला झाला, मग दुसऱ्या पक्षाचा झाला. जिथे जाईल तिथे गोष्ट एकच, मी नालीत उतरलो होतो. 'नलवाले भैयाजी' हेच त्याचं नाव पडलं. शेवटी त्याला दिल्लीचं तिकीट मिळालं ते ग्वाल्हेरचं नाही, दूरच्या एका क्षेत्रातलं, जिथलं पाणी त्याने कधी चाखलंही नव्हतं. तिथेही हीच गोष्ट सांगितली आणि निवडून आला. निकाल लागला त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. आपला माणूस, आपल्या गल्लीचा, मराठी माणूस, दिल्लीत! पागेतल्या माणसाचा नातू लोकसभेत! मीही पेढा खाल्ला.

त्यानंतर तो गल्लीत राहिला नाही हे सांगायला नकोच. शहराबाहेर नव्या कॉलनीत कोठी बांधली.

आणि लोखंड ते लोखंडच. नालीत किती वर्षं टिकणार? कुठेतरी जोड सुटला. पाणी बंद असायचं तेव्हा नालीतलं आत शिरायचं आणि पाणी सुटलं की तेच पहिल्यांदा आमच्या हंड्यात. पहिली बादली पिवळट यायला लागली. वास यायचा. पहिली बादली ओतून द्यायची, दुसरी भरायची, असा आम्हीच नियम करून घेतला. पाणी उकळायचो, गाळायचो. पण चूळ भरताना, भाजी धुताना, तहानेने जीव गेला की एखादा पेला, माणूस कुठे कुठे पाहील? चार घरांत पीलिया झाला. म्हणजे कावीळ. लोक म्हणाले, हवा खराब आहे.

सुनेला सहावा संपत आला होता. डोहाळजेवणाची हिरवी साडी मी पाटणकर बाजारातून आणून ठेवली होती. सातव्यात डोहाळजेवण करायचं आणि मग माहेरी सांगलीला पाठवायचं, असं ठरलेलं. एक दिवस तिला अन्नाचा वासच नकोसा झाला. मला वाटलं, होतं असं. दोन दिवसांनी उजेडात तिचे डोळे पाहिले. हळदीसारखे डोळे!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पानी कहाँ का पीते हैं?" मग मला बाजूला घेऊन सांगितलं की ही कावीळ घाणेरड्या पाण्यातून होते, एरवी माणूस उठून बसतो, पण पोटुशी बाईच्या जिवावर बेतते. दोघांपैकी एक वाचलं तरी देवाचे आभार माना, म्हणाल्या.

मी बाहेर बाकावर बसले होते. माझा मुलगा औषधं आणायला धावत होता. शेजारच्या बाकावर कोणाचा तरी मोबाइल मोठ्याने चालू होता, आणि त्यातून तो आवाज आला. ओळखायला काय वेळ लागतो? पहाटेची आरोळी ऐकत माझी उमर गेली. लोकसभेत त्याचं पाण्यावरचं भाषण चाललं होतं. "माननीय महोदय, मैं वो आदमी हूँ जो नाली में उतरा है. मैंने अपने हाथ से पाइप डाला है." बाकं वाजत होती. तो मोबाइलवाला मला म्हणाला, "माताजी, सुनिए, अपने ग्वालियर का आदमी है, क्या बोलता है!" माझ्या मनात आलं, तो मोबाइल घ्यावा आणि भिंतीवर आपटावा. नाही आपटला. मला अजून त्याचा पस्तावा आहे.

सून वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

तो भेटायला आला. येणारच, त्याची सवय. बाहेर मोठी गाडी, दोन बंदूकवाले, गल्लीत गर्दी. पण आत येऊन बसला तो उंबऱ्यावरच. खरंच डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो तिला म्हणाला, "काही गोष्ट नाही, सूनबाई. वय आहे अजून."

मला माहीत आहे त्याला काय म्हणायचं होतं. धीर धर, असं म्हणायचं होतं. पण ती सांगलीची पोर, तिने मराठीच ऐकली. काही गोष्ट नाही! नऊ महिने वाट पाहायची ती गोष्ट, सहा महिने तिच्या पोटात हातपाय हलवत होती ती गोष्ट, आणि हा म्हणतो काही गोष्ट नाही! तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, उठा आता." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला चहा न देता उठवलं.

सून जरा हिंडू-फिरू लागली तशी मी त्याच्या कोठीवर गेले. बसवून ठेवलं बराच वेळ. बेसिनवर हात धुवायला गेले तर नळ ठिबकत होता. टप, टप, टप. दिवाणखान्यात तो बसला होता, तिथे ऐकू जाण्यासारखा. त्याला ऐकू येत नव्हता.

पाया पडला माझ्या. पेढे मागवले. मी म्हटलं, "पेढे नकोत. पाइप काढा."

"वहिनी, ती गल्ली आता माझ्या क्षेत्रात नाही. तो निगमचा विषय आहे."

"क्षेत्रात नसेल. पाइप तुमच्या हातचा आहे. निगमवाले म्हणतात, सांसदजींची लाइन आहे, आम्ही हात कसा लावणार? तुम्ही एक फोन केलात तर महिन्याभरात नवी लाइन पडेल."

त्याने दार लोटून घेतलं. मग जे बोलला ते एकदम साध्या आवाजात बोलला, आणि त्या दिवसापासून मी त्याला मनात अरे-तुरे करते.

"वहिनी, त्या पाइपावर मी उभा आहे. आख्ख्या देशाला माहीत आहे तो पाइप. उद्या मीच तो उखडायला लावला, तर लोक काय म्हणतील? नलवाले भैयाने लोकांना नालीचं पाणी पाजलं? पुढच्या वेळी मला ग्वाल्हेरचं तिकीट पाहिजे आहे."

"म्हणजे तुमच्या तिकिटासाठी आम्ही ते पाणी प्यायचं?"

"तसं नाही. तुम्ही हे बाहेर बोलू नका. बघून घेऊ."

"कुणाला?" मी विचारलं.

तो हसला नाही. एरवी हसला असता.

आठ-पंधरा दिवसांत माझ्या मुलाच्या दुकानाला नोटीस आली. पाटणकर बाजारात त्याचं वह्या-पुस्तकांचं छोटंसं दुकान आहे, बाहेर एक फळी येते, तीसुद्धा सगळ्यांचीच येते. फळी त्या रांगेत फक्त आमची बेकायदेशीर निघाली. मुलाने नोटीस घरी आणून टेबलावर ठेवली आणि हिंदीतच बोलला, संतापला की तो हिंदीत जातो. "आई, छोड़ दो ना अब. दुकान भी जाएगी." सुनेने नोटीस वाचली, घडी घातली. म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्ही हसलात मला. मी बरोबरच ऐकलं होतं."

आणि गल्ली? गल्लीचं काय विचारता! मी दारोदार फिरले. सह्या द्या म्हटलं. "वहिनी, आपला माणूस आहे, त्याची बदनामी आपणच करायची?" "वहिनी, पाणी तर सगळीकडेच खराब आहे." "वहिनी, आम्ही पाण्याचे डबे विकत घेतो हल्ली." अरे, ज्यांना डबे परवडत नाहीत त्यांनी काय करायचं? आपला माणूस, आपला माणूस! आपल्या माणसाने विष दिलं की ते काय बासुंदी होतं? इतकं भांडूनही शेवटी कागदावर आम्हा तीन-चार बायकांच्याच सह्या झाल्या. तेवढ्यावरच तक्रार दिली.

मग सुनेला पुन्हा दिवस गेले. घरात आनंद व्हायचा, तर घरात भीती पसरली. ती विकतच्या पाण्याने चूळ भरायची, भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, अंघोळीला ओठ घट्ट मिटून जायची. कधी ओठ हाताने दाबून धरलेले दिसले की मला रडू यायचं.

तेवढ्यात आमच्या मराठी मंडळींनी त्याचा सत्कार ठरवला. मंडळाचे लोक घरी आले. "वहिनी, पहिल्यांदा तुम्हीच ओवाळलं होतंत. या वेळीही तुम्हीच." मी हो म्हटलं. त्यांना वाटलं, म्हातारी विरघळली. मी मनात म्हटलं, थांबा.

त्या दिवशी पहाटे पाणी आलं तेव्हा मी पहिली बादली ओतली नाही. त्यातला एक लोटा भरून झाकून ठेवला. सुनेला सांगितलं नाही. हॉल खचाखच भरला होता, हार, शाली, फोटोवाले, मोबाइलवाले. माझं नाव पुकारलं. मी वर गेले, तबक टेबलावर ठेवलं, लोट्यातलं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं. लांबूनही दिसावा इतका रंग होता त्याला. माइक हातात होताच. ऑपरेटरचा आवाज आहे माझा, शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हटलं, "हे आमच्या गल्लीच्या नळाचं आजचं पाणी. भाऊंच्या पाइपातून आलेलं. माझ्या सुनेचं बाळ याने गेलं. भाऊंनी हे पिऊन दाखवावं, नाहीतर सगळ्यांसमोर सांगावं की पाइप काढतो."

त्याने पेल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पेल्यात काय आहे हे त्या हॉलमध्ये त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मला वाटलं, आता हा सापडला. मग वाटलं, आता हा मान खाली घालेल. क्षणभर तर मला त्याची दयाच आली.

त्याने पेला माझ्या हातातून घेतला आणि गटागटा सगळा प्यायला. थेंब ठेवला नाही. मिशी पुसली, माइक घेतला आणि म्हणाला, "वहिनीच्या हातचं पाणी म्हणजे मला गंगाजळ आहे."

काय टाळ्या! लोक उभे राहिले. कोणीतरी घोषणा दिली. मी ओरडत होते, "अहो, पाणी खराब आहे, ऐका तरी!" पण माइक माझ्या हातात नव्हता आणि ढोल सुरू झाले होते. तो वाकून माझ्या पाया पडला. वाकल्यावर हळूच म्हणाला, "वहिनी, मी नालीत उतरलेला माणूस आहे. एका पेल्याला भिणार होय?"

तेच तर दुखणं आहे! हा माणूस भित्रा असता तर केव्हाच हरला असता. त्याला काही झालं नाही. साधं पोटसुद्धा दुखलं नाही मेल्याचं. जन्मभर तेच पाणी पिऊन मुरलेला, आणि पुरुषाचं पोट, त्यात कोणतं बाळ होतं? माझ्या तक्रारीवर निगममधून उत्तर आलं ते तोंडीच, "माताजी, सांसदजी ने खुद सबके सामने पिया है. अब पानी में क्या खराबी?" फाइल बंद.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला इथे ठेवू नका. सातव्याची वाट पाहायची नाही, डोहाळजेवण वगैरे काही नाही, आत्ता माहेरी पाठवा. मी बॅग भरली. सून म्हणाली, "आई, बाळ झालं की तुम्ही सांगलीला या बघायला. मी त्याला इथे आणायची नाही. पाइप असेपर्यंत नाही." मुलगा खाली बघत उभा होता. मी म्हटलं, "नकोच आणू." दुसरं काय म्हणणार? नातवंडासाठी जीव टाकणारी बाई मी, आणि माझ्याच तोंडाने म्हणावं लागलं, नकोच आणू.

मुलाने दुकान बंद करून सरळ स्टेशनवर यायचं होतं. आम्ही दोघी ऑटोने निघालो. इंदरगंजच्या चौकात नेहमीची गर्दी, ऑटो अडकला. मी वर पाहिलं आणि माझ्या अंगाची लाही झाली.

चार मजली इमारतीएवढा फलक. हा पाणी पितोय, डोळे मिटून. आणि पेला पुढे केलेला एक हात, हिरव्या बांगड्या, सुरकुत्या, माझा हात! कडेला माझा अर्धा चेहरासुद्धा. खाली मोठ्या अक्षरांत, 'अपनों का पानी, अपनों का सेवक.' ग्वाल्हेरच्या तिकिटाची तयारी.

ऑटोवाला आरशातून माझ्याकडे बघत होता. वर बघायचा, आरशात बघायचा. मग मागे वळला. "माताजी, ये आप ही हैं ना? आपने पिलाया सांसदजी को पानी? अरे वाह, बड़े भाग हैं आपके!"

एवढी भांडखोर मी, आणि पदर पुढे ओढून तोंड लपवलं.

सून कोणाशी हिंदी बोलत नाही. चुकते, आणि लोक हसतात म्हणून गप्प बसते. तिने एक हात पोटावर ठेवला, पुढे वाकली आणि तिच्या त्या सांगलीच्या हिंदीत त्याला म्हणाली, "भैया, वो पानी मैं भी पी थी. मेरा फोटो कोई नहीं निकाला."